रोज एकच भाग, सात संध्याकाळी : विनोदी, नाट्यमय आणि माहितीपट मालिकांतले सुटे भाग सुचवा

सांजवेळ

पुढचा आठवडा मुलीला सुट्टी आहे आणि आम्ही बाकीचेही घरीच आहोत. रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तासभर टीव्हीवर काहीतरी चांगलं बघायचं असं ठरलंय. पण आमच्याकडे बघण्यापेक्षा निवडण्यातच वेळ जातो. रिमोट हातात घेतला की पोस्टरं सरकवत बसायचं, चार ट्रेलर बघायचे, तोवर कोणीतरी उठून गेलेलं असतं. एखादी मालिका धरलीच तर दुसऱ्या भागाला कोणाला तरी कंटाळा येतो आणि गोष्ट अर्धवट राहील म्हणून बाकीचे ओढत राहतात.

म्हणून या वेळी अख्ख्या मालिका नकोत, सुटे भाग हवेत. आगापिछा माहीत नसतानाही कळेल असा एकेक भाग, रोज एक. विनोदी, गंभीर नाट्य आणि माहितीपट, तिन्ही हवेत.

बघणारे: मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना विज्ञान-इतिहासाची आवड, पण सबटायटल्स सावकाश वाचतात. सासूबाईंना कमी ऐकू येतं, यंत्र लावतात; विनोदाची जाण मात्र घरात सर्वांत पक्की त्यांचीच. मुलगी जुनं म्हटलं की आधी नाक मुरडते, एकदा बसली की उठत नाही. नवऱ्याला रडकं नको. भाषा कोणतीही चालेल. रक्तपात नको. आणि कृपा करून गोष्टीचा शेवट फोडू नका.

भिंगरी

'प्लॅनेट अर्थ २'चा पहिला भाग, 'आयलंड्स'. डोळे मिटून लावा. गॅलापागोसमधल्या फर्नांडिना बेटावर समुद्री इग्वानाची (मोठ्या सरड्यासारखा प्राणी) पिल्लं वाळूतून बाहेर येतात आणि खडकांच्या फटीफटींतून साप त्यांच्यामागे सुटतात. पुढचं सांगत नाही. आमच्याकडे सगळे सोफ्याच्या कडेवर आले होते. रक्त दिसत नाही, धाकधूक मात्र भरपूर. निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं, त्यांचे उच्चार स्वच्छ असतात, म्हणजे तुमच्या सासूबाईंनाही सोपं जाईल.

टेबलाखालून

'येस मिनिस्टर', १९८१ सालचा 'द कम्पॅशनेट सोसायटी' हा भाग. एक नवंकोरं इस्पितळ, पाचशेच्या आसपास कर्मचारी, सगळे कामात गर्क, आणि रुग्ण एकही नाही. मंत्रिमहोदय चकित होऊन फिरतात आणि तिथली प्रशासक बाई त्यांना अभिमानाने सांगते की स्वच्छतेच्या पुरस्कारासाठी आमच्या इस्पितळाचं नाव पुढे गेलंय. ती हे विनोद म्हणून सांगत नाही, तिला ते मनापासून पटलेलं असतं. हसू येतं ते त्यामुळेच. मी स्वतः सरकारी नोकरीत आयुष्य काढलं आहे. फाइल कशी फिरते, 'नाही' न म्हणता नकार कसा द्यायचा, हे या मालिकेइतकं अचूक दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनी लिहिलेली ही मालिका राजकारण आणि नोकरशाही कळायला लागलेल्या प्रत्येकाने बघावी.

निरभ्र

'अडॉलसन्स'. २०२५, चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला. तिसरा भाग तर एका खोलीत दोन माणसं बोलतायत एवढाच आहे आणि श्वास घ्यायची सवड देत नाही.

दूरदर्शक

सांजवेळताई, तुमची मागणी फार आवडली. 'सुटे भाग' म्हणून मागणारे कमी भेटतात. हल्ली मालिका सुचवायची म्हणजे चार सीझन आणि पुढचे दोन महिने सुचवायचे असा रिवाज झालाय. पण टीव्हीची खरी ताकद कित्येकदा पंचवीस मिनिटांच्या एकाच भागात दिसते. तिथे लेखकाला सुरुवात, मध्य, शेवट त्याच बैठकीत उरकायचा असतो.

माझा सल्ला जरा लांब आहे.

उत्तम भागांच्या याद्या काढून त्यातले वरचे सात उचलू नका. सात उत्तम भाग लागोपाठ लावले तरी आठवडा उत्तम होत नाही. आदल्या दिवशीचा भाग डोक्यात असताना दुसऱ्या दिवशीचा समोर येतो, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं झालं की घरातल्यांचंही सुरू होतं. तेव्हा भाग निवडा ते जोडीने. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तो वेगळ्या अंगाने धरायचा.

मला सर्वांत आवडणारी जोडी देतो. 'द ट्वायलाइट झोन'मधला 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा १९६० सालचा भाग, कृष्णधवल, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. लेखक रॉड सर्लिंग. साधी गल्ली, उन्हाळ्याची संध्याकाळ, शेजारीपाजारी. अचानक वीज जाते, टेलिफोन बंद, गाड्या सुरू होत नाहीत. मग एकाची गाडी आपोआप सुरू होते. बस. 'याचीच का?' एवढा एक प्रश्न गल्लीभर फिरतो. शेजारी शेजाऱ्याकडे कसा बघायला लागतो ते लक्ष देऊन पाहा. कालपर्यंत कोणाला झोप येत नसेल तर तो रात्री अंगणात उभा राहायचा आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. आता तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतं. राक्षस दाखवायला पैसे लागतात, इथे त्याची गरजच पडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी 'कनेक्शन्स'चा पहिला भाग, 'द ट्रिगर इफेक्ट'. १९७८, जेम्स बर्क, पन्नास मिनिटं. ९ नोव्हेंबर १९६५च्या संध्याकाळी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओत वीज गेली, सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. कारण? नायगाऱ्याजवळच्या वीजकेंद्रातला एक रिले. तारेवरचा भार ठरावीक आकड्यापलीकडे गेला की तार तोडायची, एवढंच त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं. तो भार शेजारच्या तारांवर गेला, त्याही तुटल्या, आणि काही मिनिटांत न्यूयॉर्कपर्यंत सगळं बंद. बर्क तुम्हाला आधी तो लहानसा रिले दाखवतो, मग विचारतो, वीज परत आलीच नाही तर तुम्ही काय कराल? शहर सोडाल? कुठे जाल? तिथे पोहोचल्यावर नांगर धरता येईल का? आणि असं विचारत विचारत तो तुम्हाला थेट प्राचीन इजिप्तमधल्या शेतापर्यंत नेतो.

आता गंमत बघा. काल्पनिक गोष्ट आधीची आहे, खरा अंधार पाच वर्षांनंतरचा. आणि १९६५च्या त्या रात्री न्यूयॉर्कचे लोक बव्हंशी शांत राहिले, अनोळखी माणसांनी चौकात उभं राहून वाहतूक सांभाळली. मेपल स्ट्रीटवर जे होतं त्याच्या अगदी उलट. मग सर्लिंग खोटा का? माझ्या मते नाही. वीज जाणं वेगळं आणि 'ही कोणाची तरी करणी आहे' असं वाटणं वेगळं. पण हे मी सांगण्यापेक्षा तुमच्या मुलीला आणि सासऱ्यांना भांडू द्या.

भिंगरी

@दूरदर्शक, क्रम उलटा नको का? आधी खरी घटना कळली तर गोष्ट जास्त भिडेल.

दूरदर्शक

उलटाही चालतो, पण मी आधी नाट्यच लावेन. माहितीपट आधी बघितला तर मेपल स्ट्रीटवर वीज गेल्यागेल्या आपण 'रिले तुटला असेल' म्हणून मोकळे होतो आणि मग त्या माणसांची भीती आपल्याला शिवत नाही. आधी त्यांच्याबरोबर अंधारात उभं राहायचं, कारण नंतर शोधायचं.

पिंपळपान

घरात वयस्कर मंडळी आहेत म्हणून सांगते, सगळंच परदेशी नको. 'मालगुडी डेज'मधला 'द मिसिंग मेल' लावा. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर लागायची. थनप्पा नावाचा पोस्टमन आहे. पत्र देऊन पुढे जाणारा नव्हे. दारात थांबून, पत्रातली बातमी ऐकून, त्यावर सल्ला देऊन मगच निघणारा. एका घरातल्या मुलीचं लग्न ठरावं म्हणून तोच धावपळ करतो आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या थैलीत असं एक पत्र येतं की जे द्यावं तर पंचाईत आणि न द्यावं तर नोकरीशी बेइमानी. पुढे काय होतं ते सांगत नाही. माझ्या घरी यावर दोन तट पडले आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटत होतं.

शीर्षकांबरोबर येणारी आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं बघायला विसरू नका. आणि हो, नवऱ्याला रडकं नको म्हणालात, यात कोणी रडत नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधला कोणताही भाग काढला तरी चालतो. घरातल्या घरात घडणारा विनोद, कोणाचा अपमान नाही, आणि दिलीप प्रभावळकरांचे आबा. तुमच्या सासूबाईंनी आधी पाहिलेली असणार, तरी पुन्हा बघतील.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मेपल स्ट्रीट आणि 'ट्रिगर इफेक्ट' दोन्ही घेतले. पोस्टमनही घेतला, सासरे आत्ताच म्हणाले की हा भाग रविवारी हवा. टिपरे घरात पाठ आहेत, म्हणून या आठवड्यात नाही.

@निरभ्र, 'अडॉलसन्स' तेरा वर्षांच्या मुलीबरोबर बघावी का? आणि तिसरा भाग एकटा कळेल?

निरभ्र

खरं सांगायचं तर एकटा कळेल, पण पुरेसा नाही. पहिल्या भागात एका मुलाला पकडायला पोलीस घरात शिरतात तिथून तो मुलगा आपल्या मनात जागा करतो, आणि तिसऱ्यात मानसशास्त्रज्ञ त्याच्यासमोर बसते तेव्हा आपलं मत डळमळतं. पहिला न बघता ते डळमळणं होणार नाही. विषय किशोरवयीन मुलांचाच आहे, त्यामुळे पालकांनी मुलांबरोबर बघावी असं माझं ठाम मत आहे, पण सुट्टीतल्या हलक्या आठवड्यात नको. चारही भाग लागोपाठ चार दिवस, तुम्ही दोघांनी आधी बघून मग तिच्यासोबत.

तुमच्या यादीसाठी बदली भाग देतो: 'डेकालॉग'चा दहावा भाग. पोलंडच्या क्षिश्तोफ किश्लोव्हस्कींनी टीव्हीसाठी तासाभराच्या दहा गोष्टी केल्या, सगळ्या वॉर्सामधल्या एकाच वसाहतीतल्या. बहुतेक काळीज पिळवटणाऱ्या. दहावी मात्र गमतीची. वडील वारतात, दोन भावांना वारशात टपाल तिकिटांचा संग्रह मिळतो आणि ज्यांना काल तिकिटाचं कौतुक नव्हतं ते आज खिडक्यांना गज बसवायला निघतात. लोभ हळूहळू कसा चढतो ते बघताना हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. पोलिश आहे, सबटायटल्स लागतील, पण संवाद संथ आहेत.

चकवा

आठवडा आहे तर 'चेर्नोबिल'च का नाही? पाचच भाग, सोमवार ते शुक्रवार, संपलं.

दूरदर्शक

@चकवा, मालिका म्हणून पहिल्या पंगतीतली आहे. पाचव्या भागात न्यायालयात लाल आणि निळ्या पाट्या लावत अणुभट्टी कशी फुटली ते समजावून देतात. भौतिकशास्त्र शिकवणारा इतका स्वच्छ प्रसंग नाट्यमालिकेत मी दुसरा पाहिला नाही. पण दोन अडचणी आहेत. एक, ताईंना सुटे भाग हवेत आणि रक्तपात नको. तिसऱ्या भागातली इस्पितळातली दृश्यं मुलीला झेपणार नाहीत. दुसरी, ती नाट्यमालिका आहे आणि बघणारे तिला माहितीपट समजून बसतात. मालिकेत ते सगळं समजावणारे शास्त्रज्ञ लेगासोव्ह प्रत्यक्षात त्या खटल्याला हजर नव्हते आणि उलाना खोम्युक नावाची कोणी शास्त्रज्ञ नव्हती. अनेक शास्त्रज्ञ मिळून ते एक पात्र केलंय. निर्मात्यांनी हे स्वतः सांगितलेलं आहे, लपवलेलं नाही. तरी घरात इतिहासाची आवड असलेले सासरे असतील तर हे आधी सांगून मग लावावी.

चकवा

मग 'प्लॅनेट अर्थ'चं काय? त्या इग्वानाच्या पाठलागातही वेगवेगळ्या पिल्लांचे शॉट एकत्र जोडलेत. तेही खरं कसं म्हणायचं?

भिंगरी

ऑं? खरंच?

दूरदर्शक

खरंच. कार्यक्रमाच्या निर्मातीनेच नंतर तसं सांगितलं. पण इथे मी चकवा यांच्याशी सहमत नाही आणि यावर थोडं सविस्तर लिहिण्यासारखं आहे.

निसर्गपटाचा छायाचित्रकार बराच दूर असतो, लांब पल्ल्याची लेन्स लावून. चित्र जवळ येतं, आवाज येत नाही. वाळूवर धावणाऱ्या बोटाएवढ्या पायांचा आवाज तिथे कोणत्याच मायक्रोफोनला मिळत नाही. तो नंतर स्टुडिओत करतात. कोणीतरी हातात वाळू, कापड, चामडं घेऊन पडद्याकडे बघत त्या पायांशी ताल धरतो. संगीत वरून येतं. संकलक वेगवेगळ्या धावांतून एक धाव बांधतो. हे सगळं 'रचलेलं' आहे, बरोबर. पण साप तिथे आहेत, पिल्लं अशीच निघतात, अशीच पकडली जातात आणि अशीच निसटतात. त्या प्राण्याच्या आयुष्याबद्दल तो प्रसंग खोटं काही सांगत नाही. न झालेली गोष्ट झाली म्हणून दाखवली असती तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.

भिंगरी, पुढच्या वेळी ते पाच-सात मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघा. भीती निम्मी होते. मग आवाज सुरू करून पुन्हा. तुम्हालाच कळेल की घाबरवलं कोणी, सापाने की ढोलाने. मुलांबरोबर करायला हा फार चांगला उद्योग आहे. ताई, तुम्हीही करून पाहा. शिवाय प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रीकरण कसं झालं ते दहा मिनिटं दाखवतात, ते बंद करून उठू नका.

पिंपळपान

या चर्चेत 'भारत एक खोज' आठवली. तिला काय म्हणणार, माहितीपट की नाट्य? श्याम बेनेगल यांनी नेहरूंच्या पुस्तकावरून ५३ भाग केले, रोशन सेठ नेहरू होऊन कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, मध्येच ओम पुरींचं निवेदन, आणि मग अचानक नाटक सुरू होतं. शिवाजी महाराजांच्या भागात नसीरुद्दीन शाह महाराज आणि ओम पुरी औरंगजेब. दाखवताना कुठेही लपवाछपवी नाही. हे नाटक आहे, हे निवेदन आहे, सगळं उघड. इतिहासाची आवड असलेल्या सासऱ्यांसाठी यातला एक भाग ठेवाच. शीर्षकाला नासदीय सूक्त आहे, वनराज भाटियांचं संगीत. तेवढ्यासाठीसुद्धा लावावी.

टेबलाखालून

माझ्या इस्पितळाकडे कोणी बघेना!

दूरदर्शक

साहेब, बघितलं आणि पटलंही. अडचण एवढीच की मंत्र्यांचे सचिव सर हम्फ्री एकदा बोलायला लागले की वाक्य दहा ओळींचं होतं, सबटायटल्स भराभर उडतात आणि सासरे सावकाश वाचतात. त्या मालिकेचा विनोद सगळा भाषेत आहे. वाचायच्या नादात चेहरे हुकले तर मजा गेली.

त्यापेक्षा इंग्रजी विनोद हवाच असेल तर 'फॉल्टी टॉवर्स'. दोन सीझन, १९७५ आणि १९७९, मिळून बाराच भाग. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेले. त्यांतला 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' घ्या. हॉटेलमालक बॅसिलने बायकोला न सांगता घोड्यावर पैसे लावलेत आणि जिंकलाय. पैसे लपवायचेत. एवढं कळलं की पुढचं अर्धं डोळ्यांना कळतं, कारण बॅसिल शब्दांपेक्षा गुडघ्यांनी आणि कोपरांनी जास्त बोलतो. त्या भागाची बांधणी बघा. पहिल्या पाच मिनिटांत टाकलेली प्रत्येक फालतू वाटणारी गोष्ट, कोणी काय म्हणालं, कोणाला काय विसरायला सांगितलं, शेवटच्या पाच मिनिटांत परत येते आणि बॅसिलच्याच अंगावर येते. एकही धागा सुटा राहत नाही.

एक गोष्ट आधी विचारून ठेवतो. त्यात मिसेस रिचर्ड्स नावाची वृद्ध पाहुणी आहे, तिला कमी ऐकू येतं आणि बॅटरी संपेल म्हणून ती कानाचं यंत्र बंदच ठेवते. विनोद तिच्या बहिरेपणावर नाही, तिच्या तोऱ्यावर आणि बॅसिलच्या तगमगीवर आहे असं मला वाटतं. पण तुमच्या सासूबाईंना कसं वाटेल ते तुम्हीच ठरवा.

सांजवेळ

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "बॅटरी वाचवायला यंत्र बंद ठेवते ना? मग ती शहाणी आहे, सोमवारी तिलाच लावा." सोमवार ठरला.

@टेबलाखालून काका, तुमचं इस्पितळ मी आणि नवरा आठवडा संपल्यावर दोघंच बघू, थांबवत थांबवत.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. शुक्रवारसाठी असं काही आहे का की ज्यात तिन्ही येईल? विनोद, नाट्य, माहितीपट?

दूरदर्शक

आहे. हाच प्रश्न यावा अशी वाट बघत होतो.

'मॅश', 'द इंटरव्ह्यू', १९७६. पंचवीस मिनिटं.

पार्श्वभूमी दोन ओळीत: कोरियन युद्ध, आघाडीजवळचं अमेरिकन फिरतं शस्त्रक्रिया-रुग्णालय, तिथले डॉक्टर. मालिका विनोदी, १९७२ ते ८३ चालली, म्हणजे तीन वर्षांच्या युद्धावर अकरा वर्षं. वाहिनीने आग्रह धरून पार्श्वभूमीला प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाज लावायला लावला होता, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत तो लावायचा नाही एवढं निर्मात्यांनी पदरात पाडून घेतलं.

या भागात तो आवाज अजिबात नाही. रंगही नाहीत. मालिका रंगीत असताना हा भाग मुद्दाम कृष्णधवल केलाय, पन्नासच्या दशकातल्या बातमीपटासारखा. क्लीट रॉबर्ट्स हा खराखुरा वार्ताहर येतो आणि एकेका पात्राला कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारतो. लेखक-दिग्दर्शक लॅरी गेलबार्ट यांनी नटांना प्रश्न दिले, त्यांनी आपापल्या पात्रात राहून सुचतील ती उत्तरं दिली, आणि त्यांतली बरीचशी भागात आहेत. म्हणून लोक वाक्य अर्धवट सोडतात, चाचरतात, हसून विषय बदलतात. आधी विनोदच आहे. घरची काय आठवण येते, जेवण कसं असतं वगैरे.

मग पाद्री फादर मल्काही यांना विचारतात, या युद्धाने तुम्ही बदललात का? ते थंडीबद्दल सांगतात. इतकी थंडी की डॉक्टर रुग्णाचं शरीर उघडतात तेव्हा त्यातून वाफ निघते, आणि डॉक्टर त्या उघड्या जखमेवर हात शेकून घेतात. हे बघून कोणी न बदलता राहील का, असं ते विचारतात. आवाज चढवत नाहीत, रडत नाहीत. पडद्यावर रक्ताचा थेंब नाही. विल्यम ख्रिस्तोफर या नटाने ते इतकं साधं म्हटलंय की ते नटाचं वाक्य आहे हे लक्षातच येत नाही.

बनावट मुलाखत, खरा वार्ताहर, नट, लिहिलेले प्रश्न, न लिहिलेली उत्तरं. वर चकवा यांनी विचारलं होतं ना, खरं कशाला म्हणायचं? त्या प्रश्नावर माझ्याकडचं सर्वांत चांगलं उत्तर हा भाग आहे. म्हणून गुरुवारी 'आयलंड्स', शुक्रवारी 'इंटरव्ह्यू'. खरा माहितीपट रचलेला, रचलेली मुलाखत खरी. आठवड्यातली ही दुसरी जोडी.

चकवा

'मॅश' बघितली आहे, हा भाग नाही. आज लावतो.

निरभ्र

शनिवारसाठी 'द अ‍ॅसेंट ऑफ मॅन'चा अकरावा भाग, 'नॉलेज ऑर सर्टन्टी'. १९७३, जेकब ब्रोनोव्हस्की. विज्ञानात अचूकतेला मर्यादा का असते हे सांगत सांगत तो नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीपर्यंत येतो आणि तिथल्या तळ्यात बुटांसकट उतरून हाताने चिखल उचलतो. त्याचे कित्येक नातेवाईक तिथे मारले गेले. मतं पक्की झालेल्या माणसांनी काय केलं हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितलेलं नाही.

पिंपळपान

शुक्रवारी ती जखम आणि शनिवारी हे? लागोपाठ नको हो. मुलीचा विचार करा, आणि ज्यांना रडकं नको त्यांचाही.

दूरदर्शक

पिंपळपानताईंना अनुमोदन. तो भाग थोर आहे, पण तो ज्या आठवड्यात येईल त्या आठवड्यात शुक्रवार हलका हवा. या वेळी शनिवारी 'कॉसमॉस'चा पहिला भाग लावा. १९८०, कार्ल सेगन, तासाभराचा. त्यात सेगन एक जाड कागदाचा नकाशा घेतो, त्यावर दोन छोटे खांब उभे केलेले. कागद सपाट असताना दोन्ही सावल्या सारख्या. मग तो कागद वाकवतो आणि एका खांबाची सावली लांबते, दुसऱ्याची नाहीशी होते. दोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीनी इथल्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढला तो असा: फरक सुमारे ७ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, दोन गावांतलं अंतर सुमारे ८०० किलोमीटर, पन्नास गुणिले ८०० म्हणजे ४०,००० किलोमीटर. तेरा वर्षांच्या मुलीला हे गणित तोंडी येतं. पुठ्ठा आणि दोन काड्यापेटीच्या काड्या हाताशी ठेवा, भाग संपल्यावर ती स्वतः करून बघेल.

सांजवेळ

मग असं ठरलं: सोम मिसेस रिचर्ड्स, मंगळ मेपल स्ट्रीट, बुध रिले, गुरु इग्वाना (एकदा आवाज बंद करून), शुक्र फादर मल्काही, शनि सावल्या, रवि पोस्टमन. 'डेकालॉग', 'भारत एक खोज' आणि ब्रोनोव्हस्की पुढच्या सुट्टीला.

शेवटचा प्रश्न. सासूबाईंसाठी सबटायटल्स इंग्रजीतून चालतात, पण यंत्र लावूनही मागच्या संगीतात बोलणं बुडतं म्हणतात. काही करता येतं का?

भिंगरी

येतं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'सिनेमा' किंवा 'सराउंड' असेल तर ते काढून बोलण्यासाठीचा पर्याय निवडा. नाव प्रत्येक टीव्हीत वेगळं असतं, 'स्पीच', 'क्लिअर व्हॉइस', 'डायलॉग' असं काहीतरी. 'बास' म्हणजे खर्जातला आवाज कमी करा. आणि सबटायटल्सच्या यादीत इंग्रजी दोनदा दिसत असेल तर श्रवणदोष असणाऱ्यांसाठीचं निवडा, त्यात दार वाजलं, फोन वाजला, कोण बोलतंय हेही लिहिलेलं असतं. मेपल स्ट्रीटला ते फार कामाला येईल, तिथे कुठली गाडी कधी सुरू होते हे ऐकू येणं महत्त्वाचं आहे. अक्षरांचा आकारही मोठा करता येतो, सासऱ्यांनाही बरं पडेल.

दूरदर्शक

आणि सातही भाग तुमच्याकडच्या सेवांवर मिळतात का ते रविवारीच बघून ठेवा. जुने भाग कधीही गायब होतात, आणि काही ठिकाणी जुने कृष्णधवल भाग कडा कापून रुंद पडद्यावर ताणून दाखवतात. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असतील तर ते बरोबर आहे, सेटिंग बदलू नका.